जर्मनचा गंज आणि नियमराजाचा डोंगर

मागच्या वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास चर्चेसाठी ठेवला होता. एका रविवारी विषय होता पर्यावरण. विषय मीच सुचवलेला, त्यामुळे बोलण्याची पाळीही माझ्यावरच आली. झाडे लावा, पाणी जपा, प्लॅस्टिक टाळा, असे चार पाठ केलेले मुद्दे मी बोलून गेलो. लोकांनी शांतपणे ऐकले. मग महिला मंडळाच्या एक ताई मागून उठल्या. त्यांचे यजमान कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, मुलगा त्याच खाणीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर. त्या म्हणाल्या, "भाऊ, झाडं वाचवा, डोंगर वाचवा म्हणता, चांगलंच हाय. पण उद्या खाण बंद झाली तं माह्या पोरानं काय खावं? अन् आपल्या लोकायचा या पर्यावरणाशी काय संबंध? ते बंगलेवाल्यायचं काम होय."

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या हातात चहाचा मोठा गंज होता, जर्मनचा. (आमच्या नागपूर-चंद्रपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि अ‍ॅल्युमिनियमला जर्मन. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी लोखंडावरचा गंज समजू नये.) घरी आल्यावर तो गंज डोक्यातून जाईना. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच असावे असे वाटू लागले. म्हणून पुढचे दोन-तीन महिने जे वाचले, जे समजून घेतले, ते येथे मांडतो आहे.

आपल्या घरात धातूचे भांडे येणे ही साधी गोष्ट नव्हती. मातीच्या मडक्यावर आपल्या पिढ्या गेल्या. १९३५ साली गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू या गावी अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणायला सुरुवात केली, म्हणून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विच्छेदन' या ग्रंथात या घटनेची नोंद करून ठेवली आहे. तांबे-पितळ परवडत नव्हते, तिथे स्वस्त जर्मनने आपल्या चुली सांभाळल्या. तेव्हा मी काही त्या गंजाला नावे ठेवायला बसलेलो नाही. पण तो येतो कुठून, हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

अ‍ॅल्युमिनियम निघते बॉक्साइट नावाच्या तांबूस दगडातून. चार-पाच टन बॉक्साइटपासून दोन टन अल्युमिना नावाची पांढरी भुकटी मिळते आणि तिच्यापासून एक टन धातू. भुकटी काढताना कॉस्टिक सोडा वापरावा लागतो, आणि मागे उरतो तो लाल चिखल, कातडी भाजणारा. तो तलाव करून साठवतात. २०१० च्या ऑक्टोबरात हंगेरी देशात आयका येथे अशा तलावाचा बांध फुटला आणि दहा माणसे मेली. पुढे भुकटीचा धातू करायला वीज लागते, तीही किती? टनाला तेरा-चौदा हजार युनिट. म्हणजे आपल्या किलोभर वजनाच्या गंजामागे चार-पाच किलो डोंगर आणि तेरा-चौदा युनिट वीज. त्या विजेमागे पुन्हा कोळसा, आणि कोळशामागे ताईंचा मुलगा.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जुने भांडे वितळवून नवे केले, तर नव्या धातूच्या मानाने सुमारे पाच टक्केच वीज लागते. म्हणजे भंगार वेचणारी बाई ही डोंगराची सर्वात मोठी राखणदार. पुण्यात १९९३ साली या बायांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभारली, आणि त्यांच्यात बहुसंख्य बाया दलित समाजातल्या. पर्यावरणाच्या सत्कार समारंभात व्यासपीठावर कोण बसते आणि सकाळी सहा वाजता उकिरड्यावर कोण असते, याचा वाचकांनीच विचार करावा.

आता मूळ विषयाकडे येतो. देशातल्या बॉक्साइटचा सर्वात मोठा साठा ओडिशात आहे, म्हणजे सम्राट अशोकाच्या कलिंगात. तेथे रायगडा आणि कालाहांडी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरी नावाची डोंगररांग आहे. तिच्यावर डोंगरिया कोंध नावाचे आदिवासी राहतात. सगळे मिळून सुमारे आठ हजार. उतारावर ते नाचणी, हळद, अननस, केळी पिकवतात. माथ्यावरचे झाड मात्र तोडत नाहीत, कारण माथा नियमराजाचा. बॉक्साइट नेमके याच माथ्यावर, सपाट टोपीसारखे बसलेले आहे. हा थर सच्छिद्र असतो. पावसाळ्याचे पाणी तो पोटात धरून ठेवतो आणि वर्षभर झऱ्यांतून थोडे थोडे सोडतो. त्या झऱ्यांवर डोंगरिया जगतो आणि खाली वंशधारा नदी वाहते.

आपण बौद्ध माणसे देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस नियमराजाला कसा मानणार? मीही मानत नाही. पण माथ्यावर कुऱ्हाड चालवायची नाही, हा त्या लोकांचा नियम पाण्याचे शास्त्र नीट ओळखून आहे, एवढे मला कळते. कारखान्याच्या अभियंत्यांनी जे हिशेबात धरले नाही, ते त्यांनी देवाच्या नावाने सांभाळले.

आधी कारखाना, मग परवानगी

घटना अशा घडल्या. वेदान्त समूहाने नियमगिरीच्या पायथ्याशी लांजिगड येथे वर्षाला दहा लाख टन अल्युमिना करणारा कारखाना उभारला. २००४ साली ओडिशा खनिकर्म महामंडळाशी, म्हणजे सरकारी महामंडळाशी, करार झाला की डोंगरावरचे बॉक्साइट या कारखान्याला मिळावे. खाणीची वनपरवानगी तेव्हा हातात नव्हती. कारखाना मात्र उभा राहिला. कोट्यवधी रुपये आधीच गुंतले की पुढे नाही कोण म्हणणार, असा हा व्यवहार असतो.

अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने २०१० साली दिलेल्या अहवालानुसार कारखान्यासाठी ११८ कुटुंबे पूर्णपणे विस्थापित झाली आणि बाराशेहून अधिक कुटुंबांची शेतजमीन गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २००५ सालीच खाणीच्या विरोधात अहवाल दिला होता. २००७ साली नॉर्वे देशाच्या सरकारी पेन्शन फंडाने पर्यावरण आणि मानवी हक्कांचे कारण देऊन या कंपनीतली आपली गुंतवणूक काढून घेतली. (हा फंड स्वतः समुद्रातल्या तेलाच्या पैशावर उभा आहे, हेही लक्षात ठेवावे.) तरीही ऑगस्ट २००८ मध्ये आपल्या न्यायालयाने काही अटींवर प्रकल्पाला मार्ग मोकळा केला. अट काय? नफ्याच्या पाच टक्के किंवा दहा कोटी रुपये, जे जास्त असेल ते, दरवर्षी त्या भागाच्या विकासासाठी द्यावे.

मी बी.कॉम. झालेला कारकून. मला जमाखर्चाची भाषा कळते. डोंगरावर सुमारे ६६० हेक्टरांवर खाण होणार होती आणि साठा सात कोटी टनांहून अधिक सांगितला जात होता. दहा लाख टन अल्युमिनासाठी वर्षाला साधारण तीस लाख टन बॉक्साइट लागते. म्हणजे खाणीचे आयुष्य तेवीस-चोवीस वर्षे. आता कंपनीला कारखाना सहापट वाढवायचा होता. मग किती वर्षे? चार. केंद्र सरकारने नेमलेल्या डॉ. एन. सी. सक्सेना समितीने ऑगस्ट २०१० मध्ये हाच हिशेब दाखवून दिला. चार वर्षांच्या मालासाठी हजारो वर्षांचे झरे आणि सव्वा लाखाच्या घरात झाडे! समितीने असेही म्हटले की कारखान्याने सुमारे २६ हेक्टर ग्रामवनाची जमीन बेकायदेशीरपणे ताब्यात घेतली आहे. कंपनीच्या ताळेबंदात झऱ्याला खाते नसते. म्हणून झरा आटला तरी तोटा दिसत नाही. तो तोटा कोणाच्या नावावर पडतो, तर दोन कोस चालत जाऊन पाणी आणणाऱ्या बाईच्या.

२४ ऑगस्ट २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी खाणीला परवानगी नाकारली. सरकारी महामंडळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

बारा पाड्यांचे मत

१८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. प्रत्येक कार्यकर्त्याने तो समजून घ्यावा असा आहे. न्यायालय म्हणाले, या डोंगरावर लोकांचे धार्मिक आणि सामूहिक हक्क आहेत की नाहीत, खाणीमुळे त्यांना धक्का लागतो की नाही, हे ग्रामसभेसमोर ठेवा. ग्रामसभा काय ठरवते ते पाहून मंत्रालयाने निर्णय घ्यावा, आणि सभा जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर व्हावी. आधार होता २००६ चा वनहक्क कायदा आणि घटनेची कलमे २५ व २६.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीतल्या म्हणजे जंगलातल्या लोकांचा उल्लेख येतो. युद्धाचा पश्चात्ताप झालेला तो राजा, आपल्याला वंदनीय. पण जंगलवासीयांना त्यानेही इशाराच दिला होता. इंग्रजांनी १८६५ आणि १८७८ चे वनकायदे केले, तेव्हाही जंगलात राहणाऱ्याला विचारले नाही. स्वातंत्र्यानंतर धरणे झाली, खाणी झाल्या, विचारले नाही. याच रायगडा जिल्ह्यात मैकांच येथे १६ डिसेंबर २००० रोजी दुसऱ्या एका बॉक्साइट प्रकल्पाला विरोध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन आदिवासी ठार झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी सरकारी अधिकारी, पोलीस आणि न्यायाधीश पावसात चिखल तुडवत त्याच मुलखातल्या पाड्यांवर गेले, ते लोकांना विचारायला.

डोंगरावर आणि आजूबाजूला शंभराहून अधिक गावे. राज्य सरकारने निवडली फक्त बारा. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानेही त्यावर आक्षेप घेतला होता. १८ जुलै २०१३ रोजी सेरकापाडीला पहिली सभा झाली आणि १९ ऑगस्टला जरपाला शेवटची. या बारांत इजुरुपा नावाचा एक पाडा होता. तेथे एकच कुटुंब, आणि तेही आदिवासी नव्हे, गौड म्हणजे गुरे राखणाऱ्या समाजाचे. एका घराची ग्रामसभा! त्या घरावर किती दबाव आला असेल, याची कल्पना आपण वस्तीतली माणसे सहज करू शकतो. पण त्या घरानेही नाही म्हटले. बाराच्या बारा सभांनी एकमताने खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रकल्प रद्द ठरवला. पुढे २०१६ साली महामंडळ पुन्हा ग्रामसभा घ्या म्हणून न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने दाद दिली नाही.

डोंगर वाचला म्हणून कारखाना बुडाला असेही नाही. बॉक्साइट मिळेना म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये तो काही महिने बंद होता. जुलै २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि नंतर वाढलाही. माल बाहेरून येतो. म्हणजे 'डोंगर द्या नाहीतर रोजगार जाईल' ही धमकी पूर्ण खरी नव्हती.

आपला माणूस कुठे होता?

हे सगळे वाचताना मी सतत एक गोष्ट शोधत होतो. या लढ्यात आपला माणूस कुठे होता? वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती डोंगरियांची. नाकात नथ, केसांत चिमटे, खांद्यावर कुऱ्हाड. परदेशी संघटनांनी तर 'अवतार' या इंग्रजी चित्रपटातल्या निळ्या माणसांशी त्यांची तुलना करून जाहिराती दिल्या. पण त्याच डोंगरावर डोंब नावाची अनुसूचित जाती पिढ्यान्‌पिढ्या राहते. डोंगरियांची हळद-अननस बाजारात नेणे, कोंधांची कुवी भाषा आणि बाजारची ओडिया यांच्यात दुभाषेपण करणे ही त्यांची कामे. जमीन बहुतेकांच्या नावावर नाही. अनुसूचित क्षेत्रातली आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि हा कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे भूमिहीन डोंब भूमिहीनच राहिला. आदिवासी त्याला खालचा समजतो, सवर्ण तर समजतोच. कोणी ख्रिस्ती झाला तर त्याचे अनुसूचित जातीचे प्रमाणपत्रही जाते. (आपल्याला हे नवे नाही. १९५६ ला धर्मांतर केलेल्या आपल्या लोकांना केंद्रात ही सवलत १९९० साली मिळाली.)

सक्सेना समितीने या दलितांचीही दखल घेतली. जमीन नसली तरी त्यांचे पोट याच जंगलावर आहे, हे तिने नोंदवले. परंतु वनहक्क कायदा काय म्हणतो? आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बिगर-आदिवासीला त्याशिवाय तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याला गावात राहू दिले नाही, ज्याचे नाव सातबाऱ्यावर चढू दिले नाही, त्याने ७५ वर्षांचा कागद आणावा कुठून? गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातली आपली बौद्ध कुटुंबे याच अटीवर अडकतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यात सरकारी पडीक आणि वनजमिनीचीच मागणी होती. हजारो लोक तुरुंगात गेले. पर्यावरणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत चिपको सापडते, दादासाहेब सापडत नाहीत. चवदार तळेही सापडत नाही. १९२७ साली महाडला आपण पाण्यावरचा हक्क मागितला, तो नैसर्गिक साधनसंपत्तीवरचा मानवी हक्क नव्हता तर काय होता?

म्हणून मला ग्रामसभेचे मोल वाटते. सातबाऱ्यावर डोंबाचे नाव नसेल, पण ग्रामसभेत त्याचा हात आणि पाटलाचा हात सारखाच मोजला जातो.

येथे एक गोष्ट लपवू नये. १९४५ साली मुंबईला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नावर जी योजना मांडली, तिच्यात आदिवासींना प्रतिनिधित्वाचा वाटा ठेवला नव्हता. त्यांची राजकीय जाण अजून विकसित झालेली नाही, असे त्यांचे तेव्हाचे मत होते. आदिवासी कार्यकर्ते आपल्याला हे सुनावतात, आणि आपण चिडतो. चिडू नये. त्याच बाबासाहेबांनी मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून जी घटना दिली, तिच्यात प्रत्येक प्रौढाला मत दिले, कोणाची जाण तपासायला परीक्षा ठेवली नाही, आणि अनुसूचित क्षेत्रासाठी पाचवी अनुसूचीही ठेवली. त्या मताच्या जोरावर २०१३ साली आठ हजारांच्या एका जमातीने जगातल्या बलाढ्य कंपनीला परत पाठवले. राजकीय जाण आणखी कशाला म्हणतात?

युरोपात याला हरित राजकारण म्हणतात. जर्मनीत १९८० साली ग्रीन पक्ष निघाला, १९८३ साली संसदेत गेला. त्याचे चार खांब होते: पर्यावरण, सामाजिक न्याय, तळापासूनची लोकशाही आणि अहिंसा. वाचायला हे आपल्याच घरातले वाटते. पण सत्तेची गोष्ट वेगळी असते. जानेवारी २०२३ मध्ये जर्मनीतच ल्युट्झरात नावाचे खेडे कोळसा खाणीसाठी पोलीस लावून रिकामे केले गेले, तेव्हा केंद्रात आणि त्या प्रांतातही ग्रीन पक्ष सत्तेत भागीदार होता. खाणी लवकर बंद करण्याच्या मोबदल्यात त्यांनी ही तडजोड केली होती. झेंडा हिरवा असो की निळा, सत्तेत गेलेल्या आपल्या माणसालाही प्रश्न विचारत राहावे लागते, हा अनुभव आपल्यालाही काही कमी नाही.

आपल्याकडे तर विचारण्याचा हक्कच बारीक होत चालला आहे. पूर्वी केंद्राच्या अंतिम मंजुरीआधी ग्रामसभेची संमती लागे. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी ती जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्य सरकारवर ढकलली. म्हणजे दिल्लीची मोहोर आधी, लोकांचा प्रश्न मागून. नियमगिरीच्याच शेजारी सिजिमाली डोंगराचे बॉक्साइट २०२३ साली लिलावात वेदान्तला मिळाले. तेथे डिसेंबर २०२३ मध्ये ग्रामसभांनी संमती दिली असे कागदावर आहे, आणि गावकरी म्हणतात की अशा सभा झाल्याच नाहीत, सह्या बनावट आहेत. विरोध करणाऱ्या अनेकांना त्याआधीच अटक झाली होती.

आपल्या गडचिरोलीत दोन्ही चित्रे आहेत. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. त्याच जिल्ह्यात सुरजागडच्या डोंगरावर, जिथे माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, लोहखनिजाची खाण धडाक्याने चालू आहे.

आता ताईंच्या पोराचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. बाबासाहेबांनीही दिली नव्हती. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, डिसेंबर १९४३ मध्ये, त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींची पाहणी केली. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी आणि १९४६ साली अभ्रक खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा झाला. खाण नको असे ते म्हणाले नाहीत. खाणीतला माणूस माणूस म्हणून जगला पाहिजे असे म्हणाले. पण आजची खाण त्या काळची नाही. २००० च्या सुमारास कोल इंडियाकडे पाच लाखांहून अधिक कामगार होते. २०२४ साली अडीच लाखही राहिले नाहीत, आणि कोळसा मात्र दुपटीहून अधिक निघतो. बाकीचे काम ठेकेदाराकडे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर आरक्षणाचा रोस्टर नसतो. बापाला कायम नोकरी, क्वार्टर आणि पेन्शन. मुलाला रोजंदारी आणि खोकला. खाण वाढली, आपला वाटा घटला. डोंगर कोणाचा आणि नोकरी कोणाची, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारायचे आहेत.

हे सगळे मी पुन्हा एका रविवारी विहारात सांगितले. ताईंनी ऐकून घेतले. म्हणाल्या, "मंग आपल्याले कोण विचारते?"

योगायोग असा की आमच्या भागातल्या एका कोळसा खाणीच्या विस्तारासाठी पुढच्याच महिन्यात जनसुनावणी होती. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे अशी सुनावणी घ्यावी लागते, त्यात कोणीही बाधित माणूस बोलू शकतो, आणि तिचे इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावावे लागते. आम्ही महिला मंडळाच्या अकरा जणी आणि चार पुरुष गेलो. मंडपाच्या दारात एक मुलगा टेबल टाकून सह्या घेत होता, नाश्त्याचे पाकीट देत होता. रकान्यांवर मथळा नव्हता. बऱ्याच लोकांनी सह्या केल्या. ताईंनी पेन हातात घेतले आणि विचारले, "याच्यावर काय लिहिणार हाय पुढं?" तो मुलगा गोंधळला. ताईंनी पेन खाली ठेवले, पाकीटही घेतले नाही.

आत त्या तीन मिनिटे बोलल्या. पर्यावरणाचा शब्द एकदाही आला नाही. विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, सुरुंगाने कोणाच्या भिंतीला तडे गेले, नव्या खाणीत कायम जागा किती आणि ठेकेदाराच्या किती, त्यात अनुसूचित जातीच्या किती, असे प्रश्न त्यांनी वहीत लिहून नेले होते. साहेब म्हणाले, नोंद घेतली आहे. ताई म्हणाल्या, नोंद वाचून दाखवा. मंडपात हशा झाला. पण कारकुनाला वाचून दाखवावी लागली, आणि त्यात कायम जागांचा प्रश्न राहून गेला होता. तो त्यांनी तेथेच लिहून घ्यायला लावला.

मुलगा अजून त्याच ठेकेदाराकडे पहिल्या पाळीला जातो. सुनावणीला आता सात आठवडे झाले. ताई दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकासमोर जाऊन इतिवृत्त लागले का ते पाहून येतात.